गच्चीवरची चार इंच माती

गच्चीवर बाग करायची असं ठरलं तेव्हा माझ्या डोक्यात चाफा होता. कोपऱ्यात चाफा, त्याच्याखाली बाक, मधोमध हिरवळ, कठड्याच्या कडेनं फुलझाडं. आज वर जाऊन पाहिलं तर बाक नाही, हिरवळ नाही, चाफा तर नाहीच. आहे ती चार इंच माती आणि तिच्यावर घोट्याच्या फारशी वर न येणारी, पायाखाली तुडवली तर मोडेल अशी झाडोरी. हे कसं झालं ते सांगतो, कारण असं काही करायचं म्हणणारे लोक मला अधूनमधून भेटतात आणि पहिला प्रश्न विचारतात, ‘झाडं कुठली लावलीत?’ मीही तोच विचारला होता.

मूळ कारण आईची खोली. ती सगळ्यात वर, थेट स्लॅबखाली. उन्हाळ्यात रात्री अकराला पलंगावर उभं राहून छताला हात लावला, तर बंद करून थोडा वेळ झालेल्या इस्त्रीसारखं लागायचं. पंखा ती गरम हवा इमानेइतबारे खाली लोटायचा. वर पांढरा रंग मारून पाहिला. पहिल्या वर्षी फरक पडला, पण दुसऱ्या वर्षी त्याच्यावर धुळीचा थर बसला आणि उकाडा परत आला. आणि पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा. छताला तळहाताएवढा ओलीचा डाग यायचा. आईनं स्टुलावर चढून त्याच्याभोवती पेन्सिलनं रेघ काढली आणि बाजूला तारीख लिहिली. मी म्हटलं, “आई, छतावर काय लिहितेस?” तर म्हणाली, “अरे, वाढतोय की थांबलाय ते कळायला नको?” गणिताची शिक्षिका होती ती. तिला मोजल्याशिवाय काही पटत नाही.

स्ट्रक्चरल इंजिनिअर मॅडम आल्या तेव्हा मी त्यांना फोनमधली चित्रं दाखवली. त्यांनी ती पाहिली, ‘छान’ म्हणाल्या आणि घराचे जुने नकाशे मागितले. “झाडांचं नंतर बोलू. आधी वजनाचं आणि पाण्याचं बोलू.” पुढचे चार महिने आम्ही जवळपास तेवढंच बोललो.

त्यांनी बीम आणि स्लॅबवर रिबाउंड हॅमरनं, म्हणजे काँक्रीट किती घट्ट आहे ते सांगणाऱ्या हातोडीनं, ठोकून पाहिलं, दोन ठिकाणी खालचं काँक्रीट थोडं फोडून आतली सळई गंजली आहे का ते तपासलं. मग नकाशाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. बागेतली साधी माती पूर्ण भिजली की घनमीटरला १,८०० ते २,००० किलो भरते. म्हणजे एका चौरस मीटरवर नुसता १० सेंटिमीटरचा थर अंथरला तरी जवळजवळ दोनशे किलो. माझ्या चाफ्याला निदान ६०-७० सेंटिमीटर माती हवी, म्हणजे चौरस मीटरला बाराशे-तेराशे किलो. माणसं वावरतील अशा गच्चीवर सहसा धरतात तो भार चौरस मीटरला दीडशे-दोनशे किलोच्या घरातला. “आणि तो सुद्धा येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांचा,” मॅडम म्हणाल्या. “माणसं रात्री खाली झोपायला जातात. माती जात नाही.”

मी हलकी माती, कोरडी माती वगैरे पळवाटा शोधत होतो. पण वजन धरायचं ते कोरड्या दिवसाचं नव्हे, पाऊस दोन दिवस न थांबता कोसळतोय त्या दिवसाचं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, म्हणजे एक किलो. त्यामुळे हिरव्या छपराचं, म्हणजे झाडं लावलेल्या छपराचं, कुठलंही सामान घेताना भिजलेलं वजन किती तेवढंच विचारायचं. विकणारा कोरडं सांगतो.

इथे प्रकारांचा विषय आला. हिरव्या छपरांचे ढोबळमानानं तीन प्रकार मानतात: एक्स्टेन्सिव्ह, इन्टेन्सिव्ह आणि त्यांच्या मधलं सेमी-इन्टेन्सिव्ह. मला वाटलं, एक्स्टेन्सिव्ह म्हणजे ऐसपैस, मोठं, आपल्याला हवं तेच. निघालं उलटंच. शेतीत ज्या अर्थानं हे शब्द वापरतात त्याच अर्थानं इथे वापरतात. कमी खत, कमी पाणी, कमी मेहनत ते एक्स्टेन्सिव्ह. ते पातळ असतं, साधारण ५ ते १५ सेंटिमीटर, भिजल्यावर चौरस मीटरला ६० ते १५० किलोपर्यंत. त्याच्यावर सीडमसारख्या मांसल पानांच्या वनस्पती, बुटकी गवतं, शेवाळं. त्याच्यावर फिरायचं नसतं, वर्षातून दोन-चारदा जाऊन निगा राखायची. इन्टेन्सिव्ह म्हणजे खरीखुरी बाग. २० सेंटिमीटरच्या पुढे कितीही, हिरवळ, झुडपं, झाडं, पायवाटा, बाक, रोजचं पाणी आणि माळी. वजन तीनशे किलोंपासून हजाराच्या वर. ते इमारत बांधतानाच ठरवावं लागतं, मागाहून सुचून चालत नाही. मधल्या प्रकारात जाडसर गवतं, छोटी झुडपं बसतात.

हे तिन्ही एकाच छपरावर पाहायचे तर अमेरिकेतल्या शिकागोच्या सिटी हॉलचं, म्हणजे तिथल्या महापालिकेच्या इमारतीचं, उदाहरण देतात. तिथे २००१ मध्ये सुमारे २०,००० चौरस फुटांचं हिरवं छप्पर मुद्दाम प्रयोग म्हणून केलं आणि खांब-तुळयांची ताकद जिथे जशी, तशी माती कुठे पातळ कुठे जाड ठेवली. गंमत म्हणजे त्या इमारतीचा निम्मा भाग काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाचा, आणि त्या निम्म्यावर काळं डांबरी छप्पर तसंच राहिलं. एकाच इमारतीवर, एकाच उन्हात, दोन छपरं शेजारी शेजारी. २००१ च्या ऑगस्टमधल्या एका दुपारी मोजलं तेव्हा डांबरी छप्पर ७६ अंश सेल्सिअसवर होतं आणि हिरवं ३३ ते ४८ च्या मध्ये. हे आकडे मी आईला वाचून दाखवले आणि तिनं तिथेच होकार दिला. चाफ्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही, तेव्हा तो गेला हे मीही समजलो.

तरी दीडशे किलोंची जागा स्लॅबवर आणायची कुठून हा प्रश्न होताच. याचं उत्तर मॅडमनी शोधलं आणि ते मला अजून या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात हुशारीचं वाटतं. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा जुना कोबा होता, सरासरी चार-साडेचार इंचांचा. त्याचंच वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या पुढे. “हा नाहीतरी पाणी पिऊन बसलाय. हा काढू, हलक्या काँक्रीटनं नवा ढाळ काढू, त्यावर नवं वॉटरप्रूफिंग. जेवढं वजन उतरेल तेवढंच चढवायचं.” म्हणजे इमारतीला कळणारसुद्धा नाही की वर काही बदललंय.

कोबा फोडायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांबद्दल शेजाऱ्यांना विचारा. मला त्यातली एकच गोष्ट लक्षात आहे. भर उन्हाळ्यात, वरून ठणठणीत कोरडा दिसणारा तो कोबा फोडल्यावर खालचे विटांचे तुकडे ओले निघाले, हातात दाबले तर बोटांना ओल लागत होती. मागच्या पावसाळ्याचं पाणी ते. वर्षानुवर्षं आम्ही छताला आतून रंग लावत होतो आणि वर स्लॅबच्या उशाशी ओला स्पंज ठेवला होता.

मोकळ्या स्लॅबवर ढाळ काढला, कठड्याच्या कडेनं वाटा घेतला, म्हणजे कोपरा सिमेंटनं भरून गोलसर केला, आणि मेंब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा डांबरी पापुद्रा, चिकटवलं. मग पाण्याची परीक्षा. गच्चीची भोकं बुजवायची, दोन इंच पाणी भरायचं आणि ४८ तास तसंच ठेवायचं. ही पायरी टाळायचा मोह सगळ्यांना होतो, कारण तोवर घरातले कंटाळलेले असतात आणि मिस्त्री छातीवर हात ठेवून “साहेब, थेंब येणार नाही” म्हणत असतो. आमच्याकडेही म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं हाक मारली. तिच्या छताला नवा डाग, बशीएवढा, जुन्या डागापासून हातभर अंतरावर. बाथरूमचा हवेचा पाइप स्लॅबमधून जिथे वर येतो, तिथे मेंब्रेन पाइपाला नीट वळवून वर घेतलेलं नव्हतं. दिसायला चिकटलेलं, पण नखानं उचललं की सुटत होतं. हे वर माती पडल्यावर कळलं असतं तर? पाच हजार लिटर माती बाजूला करून शोधत बसलो असतो. दुरुस्ती झाली, पुन्हा पाणी भरलं, पुन्हा ४८ तास. या वेळी छत कोरडं. आईनं नव्या डागाभोवतीही रेघ काढून तारीख टाकली.

मेंब्रेनवर थेट माती टाकता येत नाही, कारण मुळं. डांबरी मेंब्रेन मुळांना अडवत नाही, सावकाश का होईना ती त्यातून वाट काढतात. पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेलं पिंपळाचं बी भिंतीच्या फटीत काय करतं ते आपण पाहतोच. म्हणून वर मुळं अडवणारी जाड प्लास्टिकची शीट घातली, तिचे जोड एकमेकांवर चढवून हॉट एअर गननं वितळवून चिकटवले आणि ती कठड्यावर मातीच्या पातळीपेक्षा वीतभर उंच नेली. तिच्यावर संरक्षक नमदा. त्याच्यावर निचऱ्याची शीट. त्याच्यावर गाळणीचं कापड म्हणजे जिओटेक्स्टाइल, माती खाली वाहून जाऊ नये म्हणून. आणि मग माती.

ऐकायला सोपं आहे. निचऱ्याची शीट काळी, अंड्यांच्या ट्रेसारखी खळगे-उंचवट्यांची. तिचं काम दुहेरी: खळग्यांत थोडं पाणी धरून ठेवायचं आणि जास्तीचं पाणी भोकांमधून खाली, मग ढाळावरून पाइपाकडे जाऊ द्यायचं. मी दुपारी वर गेलो तेव्हा दोन ओळी अंथरून झाल्या होत्या आणि काहीतरी खटकलं. मगभर पाणी आणून ओतलं. सगळं सरसर निघून गेलं, थेंबभरही खळग्यात राहिलं नाही. शीट उलटी घातली होती. कामगाराचं म्हणणं, तळघराच्या भिंतीला अशीच लावतात. बरोबरच होतं त्याचं, भिंतीला पाणी साठवायचं नसतं. ओळी उलटवल्या, पुन्हा मगभर पाणी ओतलं. प्रत्येक खळग्यात छोटं छोटं तळं साचलं. दोघंही बराच वेळ ते बघत उभे राहिलो.

कठड्याच्या कडेनं आणि पाइपाच्या तोंडाभोवती माती नाही, फुटभर रुंदीचा गोट्यांचा पट्टा आहे. हा शोभेचा नाही. कडेला वाऱ्याची ओढ जास्त असते, गोटे उडत नाहीत. कोरड्या गवताला कुठून ठिणगी लागली तर आग कठड्यापर्यंत येत नाही. आणि पाइपाच्या तोंडावर झाकणाची जाळीदार पेटी ठेवली आहे, जी उघडून कधीही आत पाहता येते. पूर्ण छपरावर सगळ्यात जास्त वेळा मी हात लावतो तो या झाकणाला.

आता माती. खरं तर तिला माती म्हणणंही चूक. विटांचा चुरा, पर्लाइट (खडकाचे फुगवलेले हलके कण), कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि अगदी थोडं कुजलेलं खत असं ते मिश्रण. अंगणातली माती नुसती जड असते म्हणून नाही, तर तिचे बारीक कण गाळणीचं कापड चोंदवतात आणि वर पाणी तुंबतं म्हणूनही चालत नाही. चाळीस चौरस मीटरवर १० सेंटिमीटर म्हणजे ४ घनमीटर, दबण्यासाठी जास्तीचं धरून ५. चाळीस लिटरच्या सव्वाशे गोण्या.

गोण्या आल्या त्या दिवशी मी घरी नव्हतो. दोरीनं वर चढवून कामगारांनी त्या शहाण्यासारख्या एका जागी रचून ठेवल्या, जाता-येता पायात नकोत म्हणून. गच्चीच्या मधोमध, तीन-चार चौरस मीटरात साठ-सत्तर गोण्या. म्हणजे दोन टनांच्या वर, कोरड्याच. योगायोगानं मॅडम त्याच संध्याकाळी आल्या. आवाज न चढवता बोलणाऱ्या बाई, पण त्या दिवशी जिन्यातूनच ओरडल्या. चार महिने किलो-किलोचा हिशेब करून आम्ही शेवटी स्लॅबच्या पोटावर ट्रक उभा केला होता. तासाभरात गोण्या बीमच्या वरच्या रेषेत, भिंतींच्या कडेनं पसरून ठेवल्या. आईनं त्या रात्री खालच्या मजल्यावर झोपायचं ठरवलं आणि मी आग्रह केला नाही.

खताबद्दल मात्र चूक माझीच. मिश्रणात खत इतकं कमी का, असं मला वाटत होतं. कारण सांगितलं होतं: सेंद्रिय भाग कुजून संपतो, थर खाली बसतो, शिवाय खत जास्त झालं की तणाचं फावतं. पटलं नव्हतं. झाडांना उपाशी ठेवायचं म्हणजे काय? म्हणून पूर्वेच्या कोपऱ्यात, कुणाला न सांगता, दोन गोण्या गांडूळखत मिसळलं. त्या कोपऱ्याचं पुढे काय झालं ते येईलच.

लागवड पावसाच्या तोंडावर. ज्या छपरांची चित्रं आपण पाहतो त्यांच्यावर मुख्यतः सीडम असतं. अशा बऱ्याच मांसल वनस्पतींची खुबी अशी की पाणी कमी पडलं की त्या दिवसा पानांची छिद्रं बंद ठेवतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडून हवा घेतात. त्यामुळे पाणी उडून जात नाही. पण सीडमच्या बऱ्याच जाती थंड हवेच्या. उन्हाळा कडक आणि पाऊस धो धो, अशा ठिकाणी त्या उन्हानं मरत नाहीत, पावसात कुजतात. म्हणून आम्ही दोन-तीन काटक जातींचं सीडम, चिनी गुलाब, पानफुटी, पावसाळी लिलीचे कंद आणि बुटकी गवतं असं मिश्र लावलं, चौरस मीटरला सोळा रोपं. एकच जात सगळीकडे लावायची नाही, हे मॅडमचं नव्हे, रोपवाटिकेतल्या बाईंचं सांगणं: “एक रुसली तर दुसरी असू द्यावी.”

लावून झाल्याच्या दुसऱ्या सकाळी वर गेलो तर पन्नासेक रोपं मुळं वर करून पडलेली. रांगेनं, कुणीतरी तपासणी केल्यासारखी. वाटलं, कुणी मुद्दाम केलं. तिसऱ्या दिवशी पहाटे लपून बसलो आणि चोर सापडला, म्हणजे सापडले. कावळे. एक रोप चोचीत धरून उपटायचं, खाली काही वळवळतंय का पाहायचं, बाजूला टाकायचं, पुढचं. मुळं धरेपर्यंत वरून जाळी घातली आणि निभावलं.

पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा मी खाली पावसाळी पाइपाच्या तोंडाशी बादली लावून बसलो. वेड्यासारखंच. पाऊण तास चांगला पाऊस पडत होता आणि शेजारच्या गच्चीचा पाइप धबाबा ओतत होता. आमच्या पाइपातून काही नाही. मग एक थेंब, मग करंगळीएवढी धार. कोरडं असताना चार इंचांचा थर चौरस मीटरला पंचवीसेक लिटर पाणी सहज पितो. आमच्याकडे ते हजार लिटर झालं. पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पाऊस चार दिवस लागून राहिला, थर तुडुंब भरला, की तो आणखी काही धरत नाही. तेव्हा येतं तेवढं पाणी जातं, फक्त उशिरानं आणि सावकाश. गटारांना तेवढीही उसंत पुरते म्हणतात. ‘पुराचा प्रश्न सुटतो’ वगैरे वाचलं तर त्यावर पूर्ण विश्वास ठेवू नये.

दुसरं कुणी सांगत नाही ते बादलीत दिसलं. पाणी तांबूस, फिकट चहाच्या रंगाचं. नव्या मिश्रणातून खताचा अंश धुपून येतो. पहिलं वर्षभर हे पाणी साठवणीच्या टाकीत घेऊ नये. आम्ही टाकीचा पाइप तोडून वेगळा केला.

उन्हाळा आल्यावर मी लांबून तापमान मोजणारी बंदूक आणली. पाण्याच्या टाकीजवळ जायला गच्चीचा एक पट्टा उघडाच ठेवला होता, तो तुलनेला उपयोगी पडला. दुपारी तीनला उघडा पट्टा ५९ अंश. पानांच्या सावलीतली माती ३६. पण जिथे झाडं मेली होती आणि माती उघडी होती, तिथे ४८. म्हणजे गारवा मातीचा कमी, पानांचा जास्त. खाली आईच्या खोलीत छताचं तापमान ३४ आणि उघड्या पट्ट्याखालच्या जिन्यात ३९. पाच अंशांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, रात्री झोपताना वाटत नाही.

गारवा येतो तो दोन वाटांनी: सावली आणि बाष्प. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट विजेएवढी उष्णता त्यात जाते, आणि ती उष्णता नाहीतर स्लॅबमध्ये गेली असती. म्हणून ‘पाणी लागत नाही’ हे या छपरांचं कौतुक मला अर्धवट वाटतं. अजिबात पाणी दिलं नाही तरी काटक झाडं जगतील, पण छप्पर गार करण्याचं काम त्यांनी बंद केलेलं असेल. आम्ही कडक महिन्यांत आठवड्यातून दोनदा ठिबकनं पाणी देतो. आणि हा फायदा फक्त वरच्या मजल्याला मिळतो. दोन मजले खाली राहणाऱ्याला वरच्या बागेनं काही गार वाटत नाही. सगळ्या शहराला फरक पडायचा तर छपरं शेकड्यांनी हवीत, म्हणून टोकियोनं २००१ मध्ये आणि टोरोंटोनं २००९ मध्ये मोठ्या नव्या इमारतींना छपराचा काही भाग हिरवा ठेवणं सक्तीचंच केलं.

माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा डोळ्यांना दिसत नाही. मेंब्रेन उन्हानं तडकतं, दिवसा तापून रात्री निवण्याच्या रोजच्या ताणानं फाटतं. मातीखाली ते सावलीत असतं. उघड्या छपराचं वॉटरप्रूफिंग पंधरा-वीस वर्षांत बदलावं लागतं, मातीखालचं त्याच्या दुपटीनं टिकतं असं या धंद्यातले लोक सांगतात. नॉर्वेतल्या जुन्या घरांवर गवताळ ढेकळं असत, त्यांच्याखाली भूर्जाच्या सालीचे थर. पाणी अडवायची ती साल. वरचं गवत तिला दाबून धरायला आणि जपायला. आमच्याकडे सालीच्या जागी प्लास्टिक आलं, बाकी हिशेब तोच.

आता तो पूर्वेचा कोपरा. पहिल्या पावसाळ्यात तो सगळ्या गच्चीत देखणा होता. गवत गुडघ्याला लागलं, येणारा-जाणारा तिथेच उभा राहायचा आणि मी गप्प राहून कौतुक घ्यायचो. त्या गवताच्या सावलीत सीडम पिवळं पडलं आणि कुजून गेलं. तण तर इतकं, की इतरत्र महिन्याला तासभर लागायचा तिथे या चार चौरस मीटरला अर्धा दिवस जायचा. उन्हाळ्यात लुसलुशीत वाढलेलं ते सगळं पहिल्या दोन आठवड्यांत वाळलं. उपाशी ठेवलेली झाडं बारीक, तांबूस, चिवट होऊन उभी होती. मॅडम वर्षाच्या तपासणीला आल्या, कोपऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “किती गोण्या?” मी म्हटलं, “दोन.”

तो कोपरा खरवडून काढला. त्याच्याखालून मोठा बीम जातो म्हणून तिथे मिश्रण उलट थोडं चढवलं, वीतभर उंचीचा लांबट उंचवटा केला, त्यावर एक वाळकी फांदी आणि चार दगड ठेवले. स्वित्झर्लंडमधल्या बासेलमध्ये छपरांवर मातीची जाडी मुद्दाम कमी-जास्त ठेवतात, किडे-कोळी-पक्ष्यांना निरनिराळी जागा मिळावी म्हणून, हे वाचलं होतं. तिथे मी काहीही लावलं नाही. दुसऱ्या वर्षी आपोआप आलेली झाडं तेवढी आहेत, नावं सगळ्यांची मला ठाऊक नाहीत. फांदीच्या भोकांमधून एकट्या राहणाऱ्या छोट्या माश्या ये-जा करतात. सकाळी नऊच्या सुमाराला चिनी गुलाब उघडला की मधमाश्या येतात, दुपारी फूल मिटलं की जातात.

कामं अशी: पाइपाचं झाकण उघडून पाहणं, पावसाळ्यात दर आठवड्याला. गोट्यांच्या पट्ट्यातलं तण. आणि पिंपळ. दर वर्षी आठ-दहा पिंपळाची रोपं उगवतात. दोन पानांवर असताना चिमटीत येतात, चार पानांवर खुरपं लागतं. एक फांदीच्या आड लपलेलं राहिलं होतं, ते उपटताना मूळ हातभर निघालं, शीटवर आडवं पसरलेलं, खाली जायला वाट न मिळाल्यामुळे. ते मी मिस्त्रीला दाखवायला ठेवलं होतं, पण आईनं कुंडीत लावून टाकलं.

तिच्या खोलीचं छत अजून रंगवलेलं नाही. दोन डाग, दोन पेन्सिलच्या रेघा, दोन तारखा. तीन पावसाळे झाले, ओल रेघेबाहेर गेलेली नाही. डाग आता वाळून पिवळट पडलेत. दिवाणखाना रंगवायला काढला तेव्हा मी विचारलं, “आई, तुझंही छत करून घेऊ या का?”

चष्मा कपाळावर सरकवून तिनं वर पाहिलं. “अजून एक पावसाळा जाऊ दे,” ती म्हणाली.